ब्रनोच्या खानावळीत मांसाशिवाय दुपारचं जेवण

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत नव्याने आलेल्या मराठी मुलांना इथली जुनी मंडळी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात की चेक लोकांकडे आपल्या खाण्यासारखं काही नाही. अगदीच वेळ आली तर 'स्माझेनी सीर' मागवा, म्हणजे ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा. हे सांगणारे बहुतेक रात्री, मित्रांबरोबर, बियरसाठी होस्पोदात, म्हणजे इथल्या बियर मिळणाऱ्या खानावळीत, गेलेले असतात. रात्रीचा मेनू खरंच डुकराभोवतीच फिरतो. दुपारची गोष्ट वेगळी आहे.

कामाच्या दिवशी अकरा ते दोन या वेळात जवळपास प्रत्येक होस्पोदात 'पोलेद्नी मेनू' असतो: सूप आणि तीन-चार पदार्थांपैकी एक, ठरलेल्या दरात. मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती खानावळ क्राळोवो पोले भागात, एक नंबरच्या ट्रामच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. नाव मुद्दामच देत नाही, कारण साडेअकरानंतर तिथे आधीच जागा मिळत नाही. पावणेदोनशे कोरुनांच्या आसपास पोटभर जेवण होतं. रुपयांत हिशेब करू नका, घास उतरणार नाही.

मी गाय-बैल खात नाही, बाकी चालतं. पण उन्हाळ्यात कऱ्हाडहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना मांस नाही, अंडंही नाही. त्यांना घेऊन इथे जायचं म्हटल्यावर नवरा म्हणाला, घरीच खिचडी टाकू. त्या दिवशी पाटीवर कोप्रोवका होती.

कोप्रोवका म्हणजे शेपूचा पांढरा सॉस. लोण्यात परतलेलं पीठ, दूध, साय, थोडं व्हिनेगर, थोडी साखर आणि मूठभर ताजा शेपू. बरोबर उकडलेलं अंडं आणि क्नेडलीक (पिठाच्या उकडलेल्या गोळ्याचे काप) किंवा बटाटे. चेक लोकांत यावरून घराघरांत दोन तट आहेत. शाळेच्या जेवणात गिळावी लागलेली कोप्रोवका माझ्या ऑफिसातले काही जण आजही माफ करत नाहीत. शेपूवरून होणारी भांडणं आपल्यालाही नवी नाहीत. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, शेपू आहे, पण गोडसर लागेल." त्या म्हणाल्या, "शेपू आहे ना? मग बघू तरी." अंड्याऐवजी जास्तीचे उकडलेले बटाटे मागितले. वाढणाऱ्या बाईंनी भुवया उंचावल्या, पण आणून दिले. सॉस दाट होता, पण पिठूळ नव्हता, आणि आंबट-गोडाचा तोल आंबटाकडे झुकलेला, तो तसाच हवा. शेपू शेवटी घातलेला असल्याने हिरवा राहिला होता. सासूबाईंनी ताट पुसून खाल्लं आणि "हिरवी मिरची हवी होती," एवढंच म्हणाल्या.

मागवण्याआधी मात्र एक विचारून घ्यावं लागतं. काही ठिकाणी हा सॉस गोमांसाच्या पाण्यात करतात. इथे दुधात करतात. मेनूवर 'बेझमासा यीदला', म्हणजे बिनमांसाचे पदार्थ, असा वेगळा भाग असला तरी तेवढ्यावर विसंबू नका. फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते, सूपचं पाणी हाडांचं असू शकतं. पदार्थापुढे छापलेले आकडे हे ॲलर्जीचे असतात: 1 ग्लूटेन, 3 अंडं, 4 मासे, 7 दूध, 9 सेलरी. अंडं न खाणाऱ्यांनी तीनवर बोट ठेवून विचारावं, भाषा येत नसली तरी चालतं. मांसाला मात्र आकडा नाही. तिथे तोंड उघडावंच लागतं.

क्नेडलीक म्हणजे जाडसर गव्हाचं पीठ, यीस्ट, दूध, अंडं आणि शिळ्या पावाचे तुकडे मळून केलेला लांबट गोळा. तो उकडून दोऱ्याने कापतात, कारण सुरीने दबतो. इथले ताजे असतात, पण माझं मत विचाराल तर नुसत्या क्नेडलीकला चव अशी नसतेच. सॉस पुसून घ्यायला तो उत्तम. शेजारच्या टेबलावरच्या स्वीच्कोवाकडे मी दर वेळी बघते. गाजर, सेलरीचा कंद आणि पार्स्लीच्या मुळ्या घातलेला तो सायीचा सॉस, वर लिंबाची चकती आणि क्रॅनबेरी. मांस गाईचं, त्यामुळे वासावरच भागवते.

चोचका ना किसेलो मिळाली तर घ्या. शिजवलेले मसूर, कांदा, थोडं पीठ, व्हिनेगर. वर तळलेलं अंडं, बाजूला काकडीचं लोणचं. आमटीची अपेक्षा ठेवलीत तर फसाल, मसाला शून्य आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चेक लोक मसूर खातात, वर्षभर पैसा राहावा म्हणून. वाटाण्याचा घोटा, 'ह्राखोवा काशे', इथे मला बेचव लागला. ज्या गावात मेंडेलने 1856 ते 1863 अशी आठ वर्षं मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले, तिथे वाटाण्याची ही गत व्हावी!

जुलैत जर्दाळूचे गोड क्नेडलीक असतात: आख्खं फळ पिठात गुंडाळून उकडलेलं, वर वितळलेलं लोणी, किसलेला त्वारोह (पनीरसारखं ताजं चीज) आणि पिठीसाखर. हे गोड म्हणून नाही, जेवण म्हणून खातात, आणि समोरचे काका सूटबूट घालून पाच-सहा सहज संपवतात. मला तीनपुढे जात नाही. इथले सैलसर, आतलं फळ आंबट, लोण्यात हात आखडलेला नाही. अंड्याचं विचारून घ्या.

कोफोला नळाची, अर्ध्या लिटरच्या मगात. 1960 मध्ये चेकोस्लोव्हाकियात कोकाकोलाला पर्याय म्हणून काढलेलं हे पेय औषधी काढ्याकडे झुकतं. मला आवडतं, नवऱ्याला खोकल्याचं औषध वाटतं. बियर घेतलीत तर टेबलावरच्या चिठ्ठीवर प्रत्येक मगामागे एक रेघ ओढली जाते. ती चिठ्ठी हरवू नका. गाडी आणली असेल तर बियर विसरा, इथे चालकाला दारूची मर्यादा शून्य आहे.

खोट सांगायची तर सेवा रुक्ष आहे. आत शिरताना 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हटलं नाही तर तुम्ही अदृश्य. साधं पाणी विकत घ्यावं लागतं. साडेबाराला पाटीवरचा चांगला पदार्थ खोडलेला असतो आणि उरतो तो स्माझेनी सीर, टार्टर सॉससकट. तो इथे तेलकट आहे, घेऊ नका. दाराशी तीन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही; गुडघे दुखणाऱ्यांना हात द्यायला कुणीतरी बरोबर हवं. कार्ड चालतं. टिप द्यायची तर पैसे देतानाच वरचा गोल आकडा सांगायचा, टेबलावर ठेवून उठायची पद्धत नाही.