चावीचं घड्याळ: ओमेगा स्पीडमास्टर, आठ महिन्यांनंतर

धनत्रयोदशीला ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल घेतलं, त्याला आठ महिने झाले. किंमत सांगत नाही. घरी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्यात गाडी आली असती की." तिचं काही चूक नव्हतं.

पहिल्या दिवशी खरं तर थोडा हिरमुसलोच होतो. पेटी भलीमोठी आणि आत साधं काळं घड्याळ. तारीखसुद्धा नाही, बँकेत स्लिप भरताना अजूनही मोबाइल काढावा लागतो. 42 मिमी ऐकून मनगटावर ताटली ठेवल्यासारखं दिसेल अशी धास्ती होती, पण पट्टा अडकवायचे कान खाली वळलेले आहेत, त्यामुळे माझ्या काटकुळ्या हातावरही ते नीट बसतं. पट्ट्याच्या कड्या काढताना दुकानातल्या माणसाने एक जास्तच काढली. एप्रिलच्या उकाड्यात हात सुजला तेव्हा ते कळलं. ती परत बसवून घ्यायला तीन खेपा झाल्या, आणि दर खेपेला कॉफी मात्र पाजली.

आता मुद्द्याचं. याला सेल नाही आणि हात हलवून ते आपोआप भरतही नाही, रोज चावी द्यावी लागते. एकदा पूर्ण चावी दिली की 50 तास चालतं. म्हणजे शुक्रवारी सकाळी सातला दिली आणि शनिवारी विसरलो, तर रविवारी नऊच्या सुमारास राम म्हणतं. पहिल्या महिन्यात दोनदा असं झालं. आता ब्रश करून झाला की चावी, चहा त्यानंतर. बोटांत बारीक कर्रकर्र जाणवते, शेवटी चावी जड होते आणि अडते, तिथे थांबायचं. वेळ म्हणाल तर मोबाइलशी ताडून पाहिलं, दिवसाला दोन-तीन सेकंद पुढे जातं. चावी ओढली की सेकंदकाटा जागीच थांबतो, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवता येतो. हे सुख आधीच्या 1861 क्रमांकाच्या यंत्रात नव्हतं, 2021 पासूनच्या 3861 क्रमांकाच्या यंत्रात आहे.

बाबांकडे एचएमटी जनता होतं, तेही चावीचंच. आकाशवाणीवर बातम्या लागायच्या आधी ते चावी देत आणि आम्हाला हात लावू देत नसत. मी हे त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी डायलकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट कानाला लावलं. म्हणाले, "हे जरा घाईत आहे रे." बरोबर ओळखलं! जनता सेकंदाला पाच ठोके देतं, हे सहा.

काचेबद्दल लोक फार विचारतात. नीलम काचेचं मॉडेलही मिळतं, मी मुद्दाम हेसलाइटचं घेतलं. हेसलाइट म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. ते फुटलं तरी तुकडे उडत नाहीत. हे घड्याळ अंतराळवीरांनी वापरलेलं, आणि अंतराळात काचेचे कण तरंगायला लागले तर पंचाईत. मला तरंगायचं नाही, पण नीलममध्ये उजेडात कडेला जी दुधी कड दिसते ती यात नाही. तिसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या लिफ्टच्या जाळीला घासलं. ओरखडा पाहून पोटात गोळा आला. मग पॉलिशची पेस्ट आणली, मऊ फडक्याने दहा मिनिटं चोळलं, गेला. त्या नादात भिंग लावून पाहिलं तेव्हा काचेच्या बरोबर मध्यात कोरलेलं इवलंसं ओमेगाचं चिन्हही सापडलं.

1970 साली अपोलो 13 या चांद्रमोहिमेच्या यानावर वीज वाचवायला यंत्रणा बंद ठेवल्या होत्या, तेव्हा मार्ग सुधारायला इंजिन 14 सेकंद चालवलं, ते याच घड्याळावर मोजून. मी त्यातल्या स्टॉपवॉचवर कुकर मोजतो. पहिली शिट्टी झाली की वरचं बटण, मग बारीक गॅसवर बारा मिनिटं. बटण दाबल्यावर जो टक्क बसतो त्यासाठी मी डाळही जास्त वेळा लावायला लागलोय.

डायलभोवतीच्या पट्टीवर वेग मोजता येतो: एक किलोमीटरला जेवढे सेकंद लागले त्या ठिकाणचा आकडा वाचायचा. पण ते आकडे 60 वर संपतात, म्हणजे ताशी 60 च्या आत असाल तर उपयोग नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, तिथल्या ट्रॅफिकमध्ये साठ कुठले. समृद्धी महामार्गावर एकदाच हौस फिटली, 36 सेकंद, शंभर.

पाणी 50 मीटरपर्यंत चालतं असं लिहिलंय, पण ओल्या हाताने बटणं दाबायची नाहीत हे पथ्य. जूनपासून लोकलला कॅसिओ घालतो. हे कपाटात असतं. सकाळी चावी मात्र देतो.