सातबाऱ्यावर आठ एकर, शेतात एक

रंगपंचमीच्या रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून बसलो तेव्हा कानाच्या पाळीमागचा रंग अजून निघालेला नव्हता. दिवसभरात अकराशेच्या वर फोटो मारले होते. कार्ड रीडरमध्ये घातलं, फोल्डर उघडलं, पहिले फोटो झकास. पूजा, उघडलेली रहाड, काठावर उभी राहिलेली पोरं, पहिली उडी. साडेचारशेच्या आसपास आलो आणि एक फोटो अर्धा दिसला. वर माणसं, खाली राखाडी पट्टा. त्याच्या पुढचा फोटो उघडलाच नाही. त्याच्या पुढचाही नाही. नावं होती, वेळ होती, प्रत्येक फाइलचा आकार व्यवस्थित होता. आत काही नव्हतं.

नाशिकबाहेरच्यांसाठी दोन ओळी सांगतो. आमच्याकडे धुळवडीला रंग नसतो, तो पंचमीला. आणि जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनच्या म्हणतात अशा रहाडी आहेत, म्हणजे रंगाचे दगडी हौद. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनि चौक वगैरे. वर्षभर त्या रस्त्याखाली बुजवलेल्या असतात, त्यांच्यावरून रिक्षा जातात. पंचमीच्या आधी उकरून काढतात, पूजा होते, रंग भरतात आणि मग दिवसभर लोक त्यात धप्पा मारतात. उडी नव्हे, धप्पा. कोणी किती उंच पाणी उडवलं यावर वर्षभर चर्चा होते.

माझा थोरला चुलतभाऊ, आमचा दादा, लहानपणापासून एकाच रहाडीत धप्पा मारत आला. साठी उलटली, गुडघे गेले, डॉक्टरांनी पायऱ्यासुद्धा जपून उतरायला सांगितल्या आहेत. यंदा त्यानेच जाहीर केलं की हा शेवटचा. पुण्याहून पोरगा मुद्दाम आला, दोघांनी एकदम मारायचा ठरलं. मला आठ दिवस आधी फोन : "तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये. मोबाइलवर नको."

तर मोठा कॅमेरा होता. कार्डाची गोष्ट त्याच्या दोन महिने आधीची.

माझ्याकडे ३२ जीबीचं एक जुनं, चांगलं कार्ड होतं. पण हल्ली प्रत्येक फोटोच्या रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) आणि जेपेग (नेहमीची छोटी) दोन्ही ठेवतो, चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा, एका क्लिकला पस्तीसेक एमबी जातात. म्हटलं १२८ घेऊन टाकू, कटकट नको. नेहमीच्या दुकानात पंधराशेच्या आसपास सांगितलं. मेन रोडकडून आत एका गल्लीत एक गाळा आहे, मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन असलं सगळं लटकवलेला. तिथे तेच कार्ड, तेच नाव, तोच रंग, साडेसहाशेला. मी विचारलं, एवढा फरक कसा?

"साहेब, माल एकच आहे. ते इंडिया पॅकिंग, हे इम्पोर्ट. मधले टॅक्स वाचतात, बाकी काय?"

बिल मागितलं तर म्हणाला, बिल देतो, पण मग अठरा टक्के वर लागतील. आणि मी, सुशिक्षित माणूस, अठरा टक्के वाचवले. क्यूआर कोड स्कॅन केला, पैसे दुकानाच्या नाही तर कोणाच्या तरी वैयक्तिक नावावर गेले, तेही पाहिलं आणि खिशात कार्ड टाकून निघालो.

यातली खरी लाज पुढे आहे. मी इथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आत येणाऱ्या मालाची तपासणी हेच माझं काम. पुरवठादाराचा ट्रक आला की लॉटमधले नग काढायचे, व्हर्नियर लावायचा, गेज घालून बघायचं, नाही बसलं तर लाल टॅग. सतरा वर्षं मी लोकांना सांगतोय की खोक्यावर काय छापलंय ते मला वाचून दाखवू नका, नग दाखवा. आणि स्वतःच्या खिशातल्या कार्डाचं खोकं वाचून गप्प बसलो.

बरं, कार्डाने लगेच दगा दिला असता तर मी वाचलो असतो. तसं होत नाही, आणि हे असं का होतं ते नीट समजून घ्या. मेमरी कार्डात साठवणीची चिप असते आणि तिच्या जोडीला एक छोटा कंट्रोलर असतो. कॅमेरा किंवा कॉम्प्युटर त्या कंट्रोलरला विचारतो, तुझ्यात जागा किती? तो सांगेल तो आकडा खरा मानला जातो, मोजून कोणी बघत नाही. नकली कार्डवाले छोट्या चिपच्या कंट्रोलरमध्ये मोठा आकडा भरून ठेवतात. म्हणजे सातबाऱ्यावर आठ एकर लावलेत आणि शेतात उभं राहिलं तर एकच एकर. पहिल्या एकरात पेराल ते उगवतं. त्याच्या पुढचं बियाणं तुम्ही रस्त्यावर फेकत असता, आणि पेरणाऱ्याला वाटतं पेरणी चालू आहे. काही कार्डांत तर पुढचा डेटा फिरून पुन्हा सुरुवातीच्या जागेवर लिहिला जातो. मग आधीचे चांगले फोटोही जातात, कधी आख्खं फोल्डरच उघडत नाही. माझं त्यातल्या त्यात बरं, पहिले साडेचारशे तरी राहिले.

दोन महिन्यांत मी हे कार्ड चार-पाच वेळा वापरलं. गंगापूर धरणावर एक सकाळ, एका भाच्याचं बारसं, असंच किरकोळ. प्रत्येक वेळी दीड-दोनशे फोटो, घरी येऊन लॅपटॉपवर घेतले, कार्ड फॉरमॅट केलं. म्हणजे दर वेळी मी त्या पहिल्या एकरातच पेरत होतो. कार्ड कसलेलं वाटायला लागलं. म्हणूनच "मी वापरून बघितलंय, मस्त चालतं" या वाक्याला आता माझ्या लेखी काडीची किंमत नाही. कोणी कार्डाचं कौतुक केलं तर एवढंच विचारा, काठोकाठ भरून पाहिलंय का?

एक इशारा मात्र मिळाला होता, तो मी खाल्ला. पंचमीच्या दिवशी दुपारी थोडा व्हिडिओ घ्यायला गेलो तर सात-आठ सेकंदांत रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं. मला वाटलं कॅमेरा तापला. कार्डावर व्ही ३० छापलं होतं. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. माझ्या कॅमेऱ्याचा फोर के व्हिडिओ १०० मेगाबिटचा, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी. खरं व्ही ३० कार्ड हे झोपेत लिहितं. कार्डावर वेगाच्या अशाच आणखी खुणा असतात : साध्या क्लास १० किंवा यू १ ची हमी १० एमबीची, यू ३ ची ३०. जे कार्ड साडेबाराला धापा टाकतं ते व्ही ३० असूच शकत नाही. हा हिशेब मला तेव्हाही येत होता, पण आजूबाजूला ढोल चालू होता.

तुम्ही विचाराल, मग तिथेच मागे जाऊन फोटो का नाही पाहिले? रंग लागू नये म्हणून कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावले होते, फक्त भिंग उघडं. बटणं पिशवीवरून चाचपून दाबत होतो. आणि प्रत्येक क्लिकनंतर पडद्यावर फोटो क्षणभर दिसतच होता की! पण तो क्षणभर दिसणारा फोटो कॅमेरा स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून दाखवतो, कार्डावरून वाचून नाही. कार्डावर काय उतरलं ते प्लेचं बटण दाबून, मोठं करून पाहिल्यावरच कळतं. तेव्हा दर अर्ध्या तासाने शेवटचे दोन-तीन फोटो असे उघडून बघा. मी बघितले असते तर खिशातलं जुनं ३२ चं कार्ड लावलं असतं. हो, ते खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला. आधी फोटोरेक चालवून पाहिलं, ते फुकट मिळणारं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आहे. काही हाती लागलं नाही. मग डेटा काढून देणाऱ्या एका पोराकडे गेलो. त्याने कार्ड लावलं, पाच मिनिटं पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. "काका, डिलीट झालेलं काढता येतं. फॉरमॅट मारलेलं काढता येतं. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून काढू?" पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, लग्नाचे फोटोवाले महिन्यातून एखादा तरी असाच रडत येतो.

त्यानेच एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं. विंडोजवर चालतं, फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफथ्री नावाचं तसंच एक आहे. दोघांचं काम सरळ आहे : आख्खं कार्ड ठरावीक डेटाने काठोकाठ भरायचं आणि मग सगळा परत वाचून जे लिहिलं तेच आलं का ते ताडून बघायचं. नुसतं फॉरमॅट मारून किंवा प्रॉपर्टीज बघून हे कळत नाही, कारण तिथेही उत्तर देणारा तोच खोटारडा कंट्रोलर असतो. आधी कार्डावरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा आणि कार्ड रिकामं करा, कारण चाचणी फक्त मोकळी जागा तपासते. रात्री लावून झोपलो. सकाळी पडद्यावर : १४.८ जीबी ठीक, उरलेला १०४ जीबी डेटा गेला. लिहिण्याचा वेग साडेनऊ एमबी. थोडक्यात, १६ चं कार्ड, तेही मंद.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण आमच्या शेजाऱ्यांनी परवा एक अगदी खरं कार्ड नकली म्हणून परत करायला काढलं होतं. १२८ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ११९ च्या आसपास दिसतं, ६४ चं ५९.६. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. शेर आणि किलोसारखं समजा.

मग गाळ्यावर गेलो. रिपोर्टचा फोटो दाखवला. "साहेब, तुमचा कॅमेरा नीट फॉरमॅट करत नसेल." मी आवाज चढवला. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तसा त्याने खालचा खण ओढला. "जाऊ द्या ना शेठ. हे घ्या, २५६ चं घ्या. वरचे पैसे नको." मी घेतलं! घरी येऊन तेही लावलं रात्रभर. तेही १६ चंच निघालं. दोन्ही कार्डं आता माझ्या कपाटात आहेत, कंपनीतून आणलेले लाल टॅग दोऱ्याने बांधून. बायको म्हणते फेकून दे. फेकलं तर कचऱ्यातून कोणाच्या तरी फोनमध्ये जाईल.

तक्रारीचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण मी बिल घेतलं नव्हतं. अठरा टक्के वाचवले होते ना.

आता मी काय करतो ते सांगतो. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन, आणि एकदम १२८ ऐवजी ६४ ची दोन. एक गेलं तर निम्मा दिवस तरी वाचतो. ऑनलाइन घेताना नुसतं ॲपचं नाव बघून भागत नाही, त्या पानावर विकणारा कोण आहे ते वाचतो, कारण एकाच पानावर दहा जण विकत असतात. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवतो आणि परत करायची मुदत संपायच्या आत काठोकाठ भरून तपासतो. पाकिटावरच्या छपाईवरून, होलोग्रामवरून ओळखता येतं म्हणतात. मी माझं पाकीट खऱ्याशेजारी ठेवून पाहिलं, मागच्या बाजूची अक्षरं किंचित जाड होती, एवढंच. सतरा वर्षं नग तपासणाऱ्याला शेजारी ठेवल्यावर दिसलं, दुकानात उभं राहून काय दिसणार? तसंच, कॅमेऱ्याचं मॅन्युअल न बघता महागडं यूएचएस-टूचं, म्हणजे जास्त वेगासाठी मागे धातूच्या टोकांची एक ओळ जादा असलेलं कार्डही घेऊ नका. कॅमेऱ्याला ती जादाची टोकं वाचता येत नसतील तर ते साध्या यूएचएस-वनच्याच वेगाने चालेल. ही फसवणूक नाही, पण पैसे जातातच.

दादाला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो काहीच बोलला नाही, चहा संपवला. मग म्हणाला, "तुझ्या वहिनीने गच्चीवरून काहीतरी काढलंय बघ." अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे, निम्म्या चौकटीत वहिनीचा अंगठा. दादा आणि पोरगा हात धरून कडेला येतात, दादा एकदा गुडघ्यावर हात ठेवतो, धप्पा, आणि सगळं केशरी होतं. खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस प्लॅस्टिकची पिशवी डोळ्याला लावून, वाकून, एकामागून एक क्लिक मारताना दिसतो.