नाकाचा चिमटा आणि कानाचे बोळे: विहिरी-डोहात कितपत कामाचे?

क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळणारी ही जोडी मुळात तरण तलावासाठी बनवलेली. विहिरीत, डोहात, शेततळ्यात मात्र तिच्यातला चिमटा खरा मोलाचा, आणि बहुतेकजण नेमका तोच डबीत ठेवून देतात.

याचं कारण नेग्लेरिया फाउलेरी. हा अमिबा कोमट गोड्या पाण्यात आणि तळच्या गाळात असतो. पाणी गिळलं तर त्याचा त्रास होत नाही. नाकात जोरानं शिरलं तर तो वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदू गाठतो. आजार दुर्मीळ आहे, पण त्यातून वाचणारे फार थोडे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली मेंदूज्वराचे असे रुग्ण सापडले.

चिमटा नाकाच्या हाडावर नव्हे, त्याखालच्या मऊ भागावर बसवा. तोंड मिटून नाकानं हळूच फुंका. हवा निसटली तर तार जराशी दाबा. अंगाला तेल लावून उतरायची सवय असेल तर नाक आधी कोरडं पुसा, नाहीतर चिमटा घसरतोच. उडी मारताना तो हमखास उडतो, म्हणून दोरीवाला घ्या आणि वरून बोटांनी नाक धरा. पाणी उन्हाळ्यात आटून कोमट झालं असेल तर चिमटा लावूनही तळाचा गाळ ढवळू नका.

बोळ्यांत सिलिकॉनचा मऊ गोळा सर्वांत चांगला. कान कोरडा असताना तो भोकाच्या तोंडावर पसरायचा, आत कोंबायचा नाही. फोमचे बोळे पाणी शोषतात, ते नकोत. बुडी मारणाऱ्यांनी मात्र बोळे लावूच नयेत: बोळ्यामागे हवा अडकते, दाब सारखा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. त्यांनी बाहेर आल्यावर मान कलती करून कानाची पाळी वर-मागे ओढावी, पाणी निथळू द्यावं. काडी घालू नये; कान राखणारा मळच ती खरवडून काढते. पडदा आधीच फाटलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरा.

लेप्टोपुढे, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापापुढे, ही जोडी निरुपयोगी आहे. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू भेगाळलेल्या टाचेतून, खरचटलेल्या कातडीतून आणि डोळ्यांतूनही शिरतात. पावसाळ्यातलं गढूळ पाणी टाळा. पोहल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर कुठल्या पाण्यात उतरला होतात हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.