फळमाशीसाठी सापळा की फळाला पिशवी?

फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते आणि अळ्या आतला गर खातात. अळी एकदा आत गेली की वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून उपाय अंडी घालण्याआधीच हवा.

मिथाइल युजेनॉल या आमिष-रसायनाचा सापळा आंबा-पेरूवरच्या फळमाशीच्या नरांना ओढतो. (वेलवर्गीय पिकांत क्यू ल्यूर हे वेगळे आमिष लागते, गल्लत केली तर सापळा रिकामाच राहतो.) नर कमी झाले की माद्यांचे मीलन घटते. खर्च कमी, मजुरीही थोडी. पण मादी सापळ्यात येत नाही, हे अनेकजण विसरतात. शेजारच्या बागेतून मीलन झालेली मादी उडत आली, तर तुमचा भरलेला सापळा तिला अडवू शकत नाही. सगळ्या शिवाराने मिळून सापळे लावले तरच खरा फरक पडतो.

पिशवी मात्र थेट त्या मादीलाच रोखते. शेजारी काय करतो यावर ती अवलंबून नाही, शिवाय सालीवर ओरखडेही कमी पडतात. अडचण मजुरीची आणि उंच झाडांची. फळ लहान, स्वच्छ असतानाच पिशवी घाला. पिठ्या ढेकूण (रस शोषणारा किडा) आत राहिला तर त्याला आयताच आसरा मिळतो. लालसर वाणांचा रंग पिशवीत फिका पडू शकतो.

बुटकी, सघन पेरूबाग असेल तर मी पिशवीच निवडेन. उंच, जुन्या आंब्यांना सामूहिक सापळेच परवडतात. दोन्हीकडे गळलेली, किडकी फळे रोज वेचून नष्ट करावीच लागतात, नाहीतर अळ्या जमिनीत कोषात जाऊन नवी पिढी तयार होते.