हणजूणची ‘होपी’ बाहुली आणि पितळी समई

गोव्यात हणजूणच्या वाटेवरचं एक जुन्या वस्तूंचं दुकान. नाव लिहीत नाही, मालकाशी अजून बोलणं-चालणं आहे.

लाकडी बाहुल्यांचा मला नाद. आजोळ सावंतवाडीचं, चितारआळीत पांगाऱ्याचा भुसा अंगावर घेत वाढलो. त्यामुळे ‘खरी होपी कचिना, ॲरिझोना’ अशी चिठ्ठी दिसली आणि हात शिवशिवले. होपी म्हणजे अमेरिकेतली एक आदिवासी जमात, कचिना ही त्यांची कोरीव बाहुली. कोयेम्सी होता, म्हणजे होपींचा विदूषक: चिखलाच्या रंगाचं डोकं, त्यावर टेंगळं. साडेपाच हजार सांगितले, घासाघीस करून चारला घेतला. दुकानात अंधार, त्यात मागे बायको ‘आटपा’ म्हणत उभी.

म्हापशाला घरी येऊन दिव्याखाली धरला. शंका आली ती वजनाने. होपी कारागीर कॉटनवुड नावाच्या झाडाचं वाळलेलं मूळ कोरतात. ते आपल्या पांगाऱ्यासारखं हलकं. हा गडी वरवंट्यासारखा जड! तळव्याचा रंग नखाने खरवडला, तर खाली चक्क आंबा. कमरेला फर, डोक्यात रंगवलेली कोंबडीची पिसं. अमेरिकेत गरुडाची पिसं विकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून मुरलेले होपी कारागीर आता पिसंसुद्धा लाकडातच कोरतात, एकेक शीर दिसेल अशी. खाली सही करायचीही पद्धत आहे. इथे सहीच्या जागी गोंदाचा ओघळ.

बरं, ही खेळणी नव्हेत. कचिना हे मुळात पाऊस आणणारे आत्मे. अर्धं वर्ष होपी गावांत, उरलेलं ॲरिझोनातल्याच सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर राहतात अशी श्रद्धा. विधीच्या वेळी त्यांच्या हातून मुलींना बाहुल्या मिळतात, त्या घरात भिंतीला टांगतात. भलत्याचाच माल होपींच्या नावावर खपवणं तिकडे १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. हणजूणला कोण विचारतो!

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मालकाने हुज्जत घातली नाही, पण पैसेही सोडले नाहीत. ‘काका, दुसरं कायतरी न्या.’ मग पितळी समई उचलली. ती मात्र अस्सल, घसघशीत, बैठकीवर जुनं नाव कोरलेलं. पितळ आणि जुन्या पोर्तुगीज फरशांसाठी जरूर जा. लाकडाची वस्तू मात्र उजेडात नेऊन, तळवा उलटा करून बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

परवा सहज डोकावलो. कोयेम्सी पुन्हा काचेत, तीच चिठ्ठी. आता सहा हजार.