मारुती जिप्सी : बंद झालेल्या गाडीचे परीक्षण

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारावर पहाटे उभे राहिले, की ‘तुमची जिप्सी कोणती?’ हाच प्रश्न कानावर येतो. गाडी दुसऱ्या बनावटीची असली, तरी तिला जिप्सीच म्हणतात. ज्या गाडीचे नाव असे सामान्यनाम होऊन बसले, तिचे सामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन मारुतीने 2019 मध्ये थांबवले. मात्र जुन्या बाजारात तिला आजही गिऱ्हाईक असल्यामुळे तिच्या गुणदोषांविषयी लिहिणे अस्थानी ठरू नये.

डिसेंबर 1985 मध्ये आलेली पहिली जिप्सी सुझुकीच्या एसजे 410 या गाडीवर बेतलेली होती. इंजिन 970 सीसीचे आणि गिअर चारच. 1996 मध्ये ‘जिप्सी किंग’ या नावाने तिला 1298 सीसीचे इंजिन व पाचवा गिअर मिळाला, आणि पुढे त्याच घराण्यातले सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन बसून ताकद 80 अश्वशक्तीपर्यंत गेली. त्यानंतर अखेरपर्यंत तिच्यात नाव घेण्याजोगा बदल झाला नाही.

माझ्या मते जिप्सीचे खरे बळ इंजिनात नसून वजनात होते. कापडी छताची जिप्सी किंग रिकामी असताना सुमारे 985 किलो, म्हणजे टनाच्या आत भरते. ओढ्यातल्या ज्या वाळूत दीड-पावणेदोन टनांची गाडी स्वतःच्या भाराने खाली बसते, तिथून ही अरुंद चाकांवर तरंगल्यासारखी निघून जाते, आणि रुतलीच तर चार माणसांनी खांदा लावल्यावर हलते. जमिनीपासून 210 मिलिमीटर उंची आणि लॅडर चेसिस, म्हणजे शिडीसारखा पोलादी सांगाडा, यांची जोड होतीच. एरवी जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, हवे असेल, तर हाताने फिरवायचे हब असलेल्या गाडीत आधी खाली उतरावे लागते, पुढच्या प्रत्येक चाकाच्या केंद्रावर असलेली गोल चकती ‘लॉक’कडे वळवावी लागते, आणि मग आत येऊन गिअरच्या दांड्याजवळचा धाकटा लिव्हर ओढायचा असतो. हा सोपस्कार चिखल लागण्यापूर्वीच उरकावा. गुडघाभर राड्यात ती चकती चाचपडण्यात काहीही मौज नाही.

जंगलात तिची आणखी एक बाजू कळते. पेट्रोलचे छोटे इंजिन मंद चालीत इतके कमी गुरगुरते, की चितळाचा धोक्याचा इशारा (अलार्म कॉल) चालत्या गाडीतही ऐकू येतो. मूळ गाडीत मागे समोरासमोरची बाके असतात. सफारीसाठी ती काढून, पुढे तोंड केलेल्या उंच आसनांच्या रांगा बसवतात.

डांबरी रस्त्यावर मात्र ही गाडी अंग मोडते. पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो, वातानुकूलन नाही, आणि कमाल टॉर्क (ओढण्याचा जोर) इंजिनाच्या मिनिटाला 4500 फेऱ्यांना येत असल्याने घाटात सतत गिअर उतरवून इंजिन पळवावे लागते. डिझेलचा पर्याय कंपनीने कधी दिलाच नाही.

ती बंद का झाली, यात गूढ काही नाही. 2019 मध्ये एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), चालकासाठी एअरबॅग आणि धडक चाचणी हे नियम लागू होत गेले, तर एप्रिल 2020 पासून धुराविषयीचे बीएस-6 नियम आले. 1980च्या दशकातल्या ढाच्यात हे सगळे बसवणे, तेही मुख्यतः लष्कर आणि मोजके हौशी यांच्या मागणीवर, परवडणारे नव्हते. लष्करानेही तोवर टाटाच्या सफारी स्टॉर्म या गाडीची मोठी खरेदी सुरू केली होती. निर्णय योग्यच होता. जिवाच्या सुरक्षिततेपुढे आठवणींना सवलत देता येत नाही.

जून 2023 मध्ये आलेली मारुतीचीच पाच दारांची जिम्नी तिची वारस मानली जाते. कॉइल स्प्रिंग, सहा एअरबॅग, वातानुकूलन आणि लो-रेंज (अवघड वाटेसाठीचे मंद पण जोरकस गिअर) हे सारे तिच्यात आहे, पण वजन सुमारे 1200 किलो आहे आणि किंमत साडेबारा लाखांच्या पुढे सुरू झाली. वाळूत तो फरक जाणवतो, खिशात त्याहून अधिक.

जुनी जिप्सी घ्यायची असल्यास रंगरूप पाहू नये. गाडीखाली सतरंजी टाकून आडवे व्हावे आणि चेसिसला गंज कुठवर पोचला आहे ते हातोडीने ठोकून पाहावे, विशेषतः गाडी कोकणात राहिलेली असेल तर. नंतर फोर-लोमध्ये (फोर बाय फोर आणि लो-रेंज एकत्र) टाकून थोडे अंतर सरळ चालवावी. लिव्हर फोर-लोमधून आपोआप निसटत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.