ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी जंप स्टार्टर घ्याच (४ स्टार)

बाबांच्या गाडीसाठी हा छोटा लिथियम जंप स्टार्टर (मेलेल्या बॅटरीला बाहेरून करंट देऊन गाडी चालू करणारा डबा) घेतला. गाडी नागपूरला, बरेचदा उभीच असते आणि तिकडच्या उन्हाळ्यात बॅटरी कधी मान टाकेल भरवसा नाही. मॅन्युअल असती तर धक्का मारून सेकंडला चालू केली असती, ऑटोमॅटिकला तो मार्गच बंद, वर ती पी (पार्क) मध्ये अडकून बसते कारण ब्रेक दाबल्यावर लिव्हर मोकळा करणारं सोलेनॉइड बॅटरीवरच चालतं.

आणि यावेळी बॅटरी मेली तेव्हा गाडी बेसमेंटमध्ये, नाक भिंतीला टेकलेलं, बॉनेटचा हुक सोडायला हात जाईना. म्हणजे आधी न्यूट्रल करून मागे घेणं आलं. हँडब्रेक ओढला (हे सगळ्यात आधी, उतार असेल तर गाडी सुटते), चावी ऑनवर, पाय ब्रेकवर. लिव्हरशेजारी नखाएवढं प्लास्टिकचं झाकण असतं ते चपट्या स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून अलगद उचकटलं, आतलं बटण दाबून धरलं आणि लिव्हर सरळ एन (न्यूट्रल) ला आला. जोर अजिबात लागत नाही, लागत असेल तर थांबा, काहीतरी चुकतंय. ढकलताना एक माणूस आत हवाच, इंजिन बंद असल्यामुळे स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेक दोनचारदा दाबला की पेडल दगडासारखं कडक, जीव लावून दाबावं लागतं.

मग या डब्याचं काम. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. बॅटरी इतकी मेली होती की डब्याला ती दिसेचना, बूस्ट बटण दाबल्यावर मात्र पहिल्याच सेल्फला गाडी चालू, बाबा तर बघतच राहिले! पण बूस्ट मध्ये उलट्या कनेक्शनचं प्रोटेक्शन बंद होतं, त्यामुळे प्लस मायनस टॉर्च मारून बघा आणि मगच दाबा. हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात हवं होतं, आत बारीक इंग्रजीत कोपऱ्यात छापलंय, बाबांच्या वयाच्या माणसाने ते कसं वाचायचं? एक स्टार त्याचाच कापला. वायरही आखूड आहे, डबा इंजिनवर ठेवायची वेळ येते. टाइप सी चार्जिंग आणि टॉर्च मस्त.

गाडीत ठेवू नका, मे महिन्यात बंद गाडीत लिथियम ठेवणं धोक्याचं, आम्ही घरातच ठेवतो आणि अधूनमधून चार्ज करतो.

ज्यांच्या गाडीला लिव्हरऐवजी गोल नॉब किंवा बटणं आहेत त्यांना तर जास्तच गरज, तिथे बहुतेकदा असं झाकण नसतंच, बाहेरून करंट दिल्याशिवाय एन लागत नाही. सेलेरिओ, वॅगनआरसारख्या एएमटीत (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण क्लच पेडल नाही आणि गिअर आपोआप बदलतात) पी नाही पण गाडी गिअरमध्ये उभी केली असेल तर तीच गत, गिअर बदलणारी यंत्रणा विजेवरच चालते. आपल्या गाडीचं झाकण कुठे आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.